गटारी, दिव्याची आवस आणि पंचांग : पेण-रोहा परिसरातील श्रावणपूर्व भोजनप्रथेचा कालगणनेच्या अंगाने विचार

सारांश

आषाढ अमावास्येला किंवा तिच्या आदल्या काही दिवसांत होणारे सामिष भोजन महाराष्ट्रात ‘गटारी’ या नावाने ओळखले जाते. या प्रथेकडे प्रायः मद्यपानाचे निमित्त म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती भोग आणि संयम यांमधील सीमारेषा असून ती रेषा पंचांग आखून देते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा परिसर समोर ठेवून या प्रथेचा तिथी, वार, अधिकमास आणि भरती-ओहोटी यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे. ख्रिस्ती परंपरेतील उपवासकाळापूर्वीच्या मेजवानीशी आणि याच भूमीतील बेने इस्रायल समाजाच्या कालगणनेशी तिची तुलनाही केली आहे.

बीजशब्द : आषाढ अमावास्या, गटारी, दीपपूजन, तिथी, अधिकमास, उधाण, खारेपाट, कार्निव्हल, बिरड्याचा रोजा.

प्रस्तावना

संयमाचा काळ सुरू होण्यापूर्वी पोटभर खाऊन घेण्याची रीत जगातील अनेक समाजांत आढळते. ख्रिस्ती परंपरेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवसांचा कालावधी असतो. त्यातील रविवार वगळले म्हणजे उपवासाचे ४० दिवस उरतात. या बुधवारच्या आधीचे तीन-चार दिवस कार्निव्हलचे. गोव्यात त्याला ‘इन्त्रूज’ म्हणतात. पेण-रोह्याच्या वाचकाला ही परंपरा दूरची वाटण्याचे कारण नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तेथील चौलचे ठाणे १७४० मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. कोर्लई गावातील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीजमिश्रित बोली आजही ऐकू येते. नदीच्या मुखाशी वसलेल्या समाजाचा उपवासकाळ माघ-फाल्गुनात येतो, तर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांचा श्रावणात. ऋतू आणि श्रद्धा वेगळ्या असल्या तरी उंबरठ्यावरच्या मेजवानीची घडण सारखी आहे.

या दोन्ही प्रथांना एक समान उपेक्षाही सोसावी लागते. मेजवानीचा गाजावाजा होतो आणि तिची तारीख ठरविणारे गणित मागे पडते. प्रस्तुत लेखाचा भर या गणितावर आणि ते सांभाळणाऱ्या दैनंदिन पंचांगज्ञानावर आहे.

संयमाच्या पायऱ्या

श्रावणापूर्वीची मेजवानी ही एकच एक घटना नाही. आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास सुरू होतो. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य करणाऱ्या शाकाहारी घरांत त्यापूर्वीची आषाढ शुद्ध नवमी ‘कांदेनवमी’ म्हणून साजरी होते. कांद्याची भजी, थालीपीठ, वांग्याचे भरीत असा त्या दिवसाचा बेत असतो. सामिष आहार घेणाऱ्या घरांत हीच सीमा सुमारे तीन आठवडे पुढे, आषाढ अमावास्येवर येते. गळ्यात माळ असलेल्या वारकऱ्याला तर या दोन्ही सीमांचे प्रयोजन नाही, कारण त्याचा मांसाहाराचा त्याग कायमचा असतो. म्हणजे एकाच आळीत तीन घरांच्या संयमाच्या तीन वेगवेगळ्या पायऱ्या असू शकतात आणि प्रत्येक पायरीला पंचांगात निश्चित स्थान असते. कांदेनवमीकडे कौतुकाने आणि गटारीकडे नाक मुरडून पाहण्याची जी रीत आहे, तिचे मूळ आहारभेदात आहे. प्रथेच्या घडणीत नाही. त्यागापूर्वी त्याज्य वस्तूचा मनसोक्त आस्वाद घेणे हे सूत्र दोहोंत एकच आहे.

संयमाची दुसरी कडही पंचांगच ठरविते. अनेक घरांत श्रावण संपला तरी गणपती होईपर्यंत सामिष अन्न शिजत नाही. भाद्रपदात गौरी आल्या म्हणजे कोकणातील काही समाजांत गौरीला तिखटाचा, अर्थात सामिष, नैवेद्य दाखविला जातो. उपवासकाळाची सांगता ईस्टरच्या भोजनाने व्हावी तशीच ही सांगता आहे.

नावांचा प्रश्न

आषाढ अमावास्येला ‘दीप अमावास्या’ किंवा ‘दिव्याची आवस’ हेही नाव आहे. या दिवशी घरातील समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, त्यांची पूजा होते आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य केला जातो. पावसाळी अंधाराच्या दिवसांत दिव्यांची डागडुजी व्हावी, हा त्यातील व्यवहार सहज लक्षात येतो.

अलीकडे ‘गटारी’ या नावाविषयी संकोच वाढला असून ते मूळ ‘गतहारी’ या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे वारंवार सांगितले जाते. ‘गत’ आणि ‘आहार’ मिळून हा शब्द झाला, असे त्याचे स्पष्टीकरण असते. परंतु संस्कृत संधिनियमानुसार ‘गत’ अधिक ‘आहार’ यांचे रूप ‘गताहार’ असे होईल, ‘गतहार’ नव्हे. त्यातील ‘त’चा ‘ट’ का व्हावा, याचाही उलगडा होत नाही. याउलट ‘गटार’ हा शब्द मराठीत पूर्ण रुळलेला आहे आणि अतिरेकी मद्यपानाची टवाळी करणारे नाव त्यावरून पडणे लोकभाषेच्या स्वभावाला धरून आहे. ‘गतहारी’ ही व्युत्पत्ती भाषेपेक्षा प्रतिष्ठेची गरज अधिक भागविते.

‘कार्निव्हल’ या शब्दाच्या बाबतीतही हेच घडले आहे. ‘कार्ने वाले’, म्हणजे ‘मांसा, तुला निरोप’, अशी त्याची व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. परंतु अभ्यासकांचा कल जुन्या इटालियन ‘कार्नेलेवारे’, म्हणजे मांस दूर करणे, या रूपाकडे आहे. ‘इन्त्रूज’चे मूळ असलेला पोर्तुगीज ‘एन्त्रूदो’ हा शब्द मात्र ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. म्हणजे एका नावाची दृष्टी सोडून देण्याकडे, तर दुसऱ्याची नव्या काळातील प्रवेशाकडे आहे. मराठीतील दोन नावांचे नातेही असेच आहे. ‘गटारी’ मागे पाहते आणि ‘दिव्याची आवस’ पुढे पाहते. त्यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे ठरविण्याचा वाद अनाठायी आहे. अनेक घरांत सामिष स्वयंपाक करणारे आणि दुसऱ्या दिवशी दिवे उजळणारे हात एकाच गृहिणीचे असतात. सामिष स्वयंपाकाची भांडी घासून बाजूला ठेवणे आणि दिवे पाटावर मांडणे या तिच्या लेखी एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

अमावास्या कोणती, केव्हाची?

पंचांगातील तिथी ही घड्याळाच्या दिवसाशी जुळत नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथीचा अवधी सुमारे २० तासांपासून २७ तासांपर्यंत बदलतो. त्यामुळे अमावास्या एका दिवशी दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारी संपू शकते. सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची मानावी हा सर्वसाधारण नियम असला, तरी काही कृत्यांसाठी सायंकाळची व्याप्ती पाहिली जाते. ‘आवस आज की उद्या?’ हा घराघरांतील प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो. तो गणितातच अंतर्भूत आहे.

दुसरा मुद्दा महिन्याच्या सीमेचा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे तेथील श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. इ. स. २०२५ मध्ये उत्तर भारतीय श्रावण ११ जुलैला, तर महाराष्ट्राचा श्रावण २५ जुलैला सुरू झाला. आपल्याकडे जी आषाढ अमावास्या, तीच उत्तरेत श्रावणाच्या ऐन मध्यावर येणारी हरियाली अमावास्या होय. म्हणून या अमावास्येला सीमेचे स्वरूप अमान्त महिना मानणाऱ्या प्रदेशातच येऊ शकते. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी देशाच्या निरनिराळ्या भागांतील कामगार एकत्र येतात. उत्तरेकडील कामगाराचा श्रावण अर्धा सरलेला असताना त्याच्या स्थानिक सोबत्याची मेजवानी येते, ती याच फरकामुळे.

तिसरा मुद्दा अधिकमासाचा. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षीची ११ दिवसांची तूट सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवून भरून काढली जाते. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक, असा त्याचा नियम आहे. इ. स. २०२३ मध्ये श्रावणच अधिक आला. आषाढ अमावास्या १७ जुलैला होती. अधिक श्रावण १८ जुलैला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. श्रावणी सोमवार, मंगळागौर ही व्रते निज श्रावणात होत असल्याने सामिष आहार कोणत्या दिवसापासून सोडावा, असा प्रश्न त्या वर्षी उभा राहिला. दोन्ही महिने पाळणाऱ्यांची सीमा जुलैत होती. केवळ निज श्रावण पाळणाऱ्यांची ऑगस्टच्या मध्यात.

पेणच्या दृष्टीने या गणिताला आर्थिक अंगही आहे. पेण आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांतील गणेशमूर्तींचे कारखाने भाद्रपद शुद्ध चतुर्थीकडे डोळे लावून चालतात. आषाढ अमावास्या ते गणेशचतुर्थी हे अंतर एक चांद्रमास आणि चार तिथी इतके असते. इ. स. २०२४ मध्ये ४ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर आणि २०२५ मध्ये २४ जुलै ते २७ ऑगस्ट, असे दोन्ही वर्षी ते ३४ दिवसांचे होते. २०२३ मध्ये मात्र अधिक श्रावणामुळे १७ जुलै ते १९ सप्टेंबर असे ६४ दिवसांवर गेले. रंगकामाच्या ऐन घाईपूर्वीचा शेवटचा मोकळा दिवस म्हणून अमावास्येकडे पाहणाऱ्या कारागिराला त्या वर्षी महिनाभर अधिक मिळाला.

वार आणि स्वयंपाकघर

तिथी ठरली तरी बेत ठरत नाही. त्याला वाराची चाळणी लागते. कोणाच्या घरी सोमवार, कोणाच्या गुरुवार, तर कोणाच्या शनिवार पाळला जातो. संकष्टी आणि एकादशी यांची बंधने वेगळी. २०२४ मध्ये अमावास्या रविवारी आल्याने अडचण नव्हती. २०२३ मध्ये ती सोमवारी आली. सोमवती म्हणून तिचे धार्मिक महत्त्व वाढले आणि सोमवार पाळणाऱ्या घरांचा बेत आदल्या रविवारकडे सरकला. २०२५ मध्ये ती गुरुवारी होती; गुरुवार करणाऱ्यांसाठी बुधवार हा शेवटचा मोकळा दिवस उरला. महिना, तिथी, वार आणि घरातील प्रत्येकाचे व्रत यांचा मेळ घालून दिवस निवडणे हे पंचांगाचे उपयोजन आहे. ते प्रायः घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत आल्या आहेत, परंतु त्याची गणना ज्ञान म्हणून क्वचितच होते.

मुद्रणाने हे काम सोपे केले. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये पंचांग छापल्यानंतर ते भटजींच्या पोथीतून बाजारात आले. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने पंचांग आणि इंग्रजी तारीख एकाच पानावर आणली आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगले. शासनानेही डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. परंतु ती सौर असल्याने तिच्यातील श्रावणाचा या प्रथेशी संबंध जुळत नाही. सण चांद्र पंचांगानेच ठरत राहिले.

भरतीचे पंचांग

खारेपाटात तिथीचा आणखी एक उपयोग आहे. पक्षातील तिथीची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते, हा हिशेब कोकणकिनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन; म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्र यांच्या आगेमागे. भरतीची वेळ रोज सरासरी सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. पाऊणपटीच्या नियमात ती ४५ मिनिटे धरली आहे. तिथीचा अवधी सरासरीने सौर दिवसाहून थोडा कमी असल्याने हा हिशेब बराचसा जुळतो. खाडीत आत जावे तसा त्याला उशीर होतो, हे स्थानिक माणूस अनुभवाने जोडून घेतो.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला ‘भांग’ म्हणतात. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगाने पसरलेल्या खारेपाटात भातशेती बांधांच्या आधाराने उभी असते. आषाढ अमावास्येच्या सुमारास पाऊस जोरात, जमिनीवरचे पाणी साचलेले आणि समोरून उधाण अशी स्थिती येते. भरती असेतो बांधाच्या उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही. बांधाला खांड पडली तर खारे पाणी शेतात शिरते आणि त्या वर्षीचे पीक तर जातेच, शिवाय जमिनीत क्षार साचून पुढच्या पिकांनाही झळ बसते. म्हणून ज्या तिथीला घरात मेजवानीचा बेत, त्याच तिथीला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत बांधावर लक्ष, असा खारेपाटाचा शिरस्ता होता. चुलीवरची अमावास्या आणि बांधावरची अमावास्या एकच होती.

शेजाऱ्यांची पंचांगे

पेण-रोहा परिसरात अन्य कालगणनाही नांदल्या. बेने इस्रायल समाज या भागात शतकानुशतके तेल गाळण्याच्या व्यवसायात होता. शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. शेजाऱ्यांनी एका समाजाची ओळख त्याच्या वारावरून ठरविली, हे लक्षणीय आहे. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे या गावांची साक्ष देतात. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले.

यहुदी पंचांगही चांद्र-सौर आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक म्हणून ‘आव’ महिन्याच्या नवमीला कडक उपवास केला जातो आणि त्या महिन्याच्या प्रतिपदेपासून मांसाहार टाळण्याची यहुदी परंपरा आहे. बेने इस्रायल या उपवासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे हा या उपवासाशी जोडलेला पदार्थ. रायगडातील कडव्या वालांचे हेच बिरडे अनेक हिंदू घरांत श्रावणी सोमवारच्या पानात असते. येथे साम्य केवळ पदार्थाचे नाही. २०२४ मध्ये आव आणि श्रावण दोन्ही ५ ऑगस्टला सुरू झाले. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला, तर आव २६ जुलैला. एकाच अमावास्येनंतर दोन धर्मांतील घरांत मांस वर्ज्य होण्याची ही जुळणी दरवर्षी होतेच असे नाही. यहुदी पंचांगात १९ वर्षांत ७ अधिकमास ठराविक क्रमाने येतात, तर आपल्याकडे ते संक्रमणावरून ठरतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला येते, तर आवचा आरंभ १५ जुलैला.

ख्रिस्ती उपवासकाळही चंद्रापासून सुटलेला नाही. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. तेथून ४६ दिवस मागे गेले की राखेचा बुधवार येतो. हिशेब केला असता कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार अमावास्येच्या एक-दोन दिवस आधीपासून चार-पाच दिवस नंतरपर्यंतच्या काळातच पडतो, असे दिसते. २०२६ मध्ये तो मंगळवार आणि अमावास्या १७ फेब्रुवारीला एकत्र येतात. इस्लामी पंचांगात अधिकमास नसल्याने रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे येत सर्व ऋतूंतून फिरतो. त्याच्याही आरंभाला अमावास्येनंतरचे चंद्रदर्शनच लागते.

‘शास्त्रीय’ कारणांची तपासणी

श्रावणातील सामिषत्यागाचे कारण म्हणून माशांच्या प्रजननाचा काळ सांगण्याची प्रथा पडली आहे. त्यात तथ्यांश आहे. पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी थांबविण्यामागे तोच विचार आहे. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. तिच्या तारखा निश्चित असतात. आषाढ अमावास्या मात्र साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सरकते. २०२४ मध्ये बंदी उठल्यानंतर चार दिवसांनी अमावास्या आली. २०२५ मध्ये बंदी उठण्याच्या आठवडाभर आधी. शिवाय या दिवसांत ताज्या समुद्री मासळीची वानवा असल्याने मेजवानीत मुख्यतः कोंबडी आणि मटण असते. जोडीला खाडीच्या चिंबोऱ्या किंवा आगोटीला भरून ठेवलेली सुकी मासळी. माशांच्या प्रजननाने कोंबडीच्या त्यागाचा उलगडा होत नाही.

अधिक पटणारे स्पष्टीकरण श्रम आणि साठा यांत आहे. बहुतेक वर्षी या सुमारास भाताची आवणी आटोपत आलेली असते. चिखलात वाकून केलेल्या कामानंतर शरीराला पौष्टिक अन्न आणि मनाला विसावा हवा असतो. दुसरीकडे पावसाळ्यापूर्वी भरलेली आगोट निम्म्यावर आलेली असते आणि नवे भात घरात येण्यास अवकाश असतो. काटकसरीच्या या दिवसांना व्रताची प्रतिष्ठा मिळाली म्हणजे टंचाई सुसह्य होते. युरोपातील उपवासकाळही हिवाळ्याच्या अखेरीस, कोठारे रिकामी होत असताना येतो. तथापि हेही एकमेव कारण मानणे योग्य नव्हे. श्रद्धा, ऋतू, श्रम आणि साठा यांच्या गुंफणीतून प्रथा घडते. पंचांग त्या गुंफणीला तारीख देते.

समारोप

पेण-रोहा परिसरातील आषाढ अमावास्या ही मेजवानीची, दिव्यांची, उधाणाची आणि गणपतीच्या कामाची एकत्रित सीमा आहे. ‘गटारी’ या नावाची लाज बाळगून किंवा त्याचा उत्सव करून ही बहुविधता हाती लागत नाही. आज तिथी भ्रमणध्वनीवर क्षणात कळते. परंतु तिथीवरून भरती काढणे, वार आणि व्रत यांचा मेळ घालणे, अधिकमासात सीमा कोठे धरावी हे ठरविणे ही कौशल्ये तयार उत्तराबरोबर मागे पडत आहेत. उत्तर मिळते आणि हिशेब जातो. हिशेब गेला की अमावास्येचा बांधाशी असलेला संबंध विसरला जातो आणि केवळ पेला तेवढा लक्षात राहतो.

हे ज्ञान बहुशः लिखित नाही. ते खारेपाटातील वयोवृद्ध शेतकरी आणि घरोघरच्या ज्येष्ठ स्त्रिया यांच्याजवळ आहे. त्याची नोंद करण्यासाठी भूगोल, गणित, इतिहास आणि मराठी या विषयांनी एकत्र येणे आवश्यक आहे, कारण यांपैकी कोणत्याही एका विषयाच्या चौकटीत ही अमावास्या मावत नाही. स्थानिक महाविद्यालयांना हा अभ्यास आपल्या परिसरातच करता येण्यासारखा आहे आणि ज्यांच्याकडून तो करावयाचा ती पिढी हयात असेतोच तो होऊ शकतो.